न तपासलेलं यश

घटक चाचणीचे पेपर वर्गात वाटले की पहिली पाच मिनिटं कुणी प्रश्न वाचत नाही. सगळे मार्कांची बेरीज करतात. बेरजेत अर्धा मार्क जरी चुकलेला सापडला तरी चेहरे उजळतात. मग माझ्या टेबलापाशी रांग लागते. "बाई, स्टेप्स बरोबर आहेत, अर्धा तरी द्या ना." "बाई, हे गणित वर्गात झालंच नव्हतं." "पेपर लेंदी होता, बाई." दहिसरला आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवताना ही रांग मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. शिक्षकांच्या खोलीत तिच्यावर शेराही ठरलेला असतो : नाचता येईना अंगण वाकडं.

मला हा शेरा उथळ वाटतो. रांगेतला मुलगा निदान पेपर उघडून उभा आहे. तो कारण शोधतो आहे, भले चुकीच्या ठिकाणी. त्याच वेळी तिसऱ्या बाकावरच्या मुलाने चाळीसपैकी अडतीस बघून पेपरची घडी घातलेली असते आणि तो दप्तरात गेलेला असतो. त्याला काही विचारायचं नसतं आणि त्याला कुणी काही विचारतही नाही. यश आलं की ते माझं, अपयश आलं की ते दुसऱ्याचं, ही सवय आपण नेहमी कमी मार्कवाल्या मुलांत शोधतो. माझं म्हणणं असं की तिचं मूळ त्या घडी घातलेल्या पेपरात आहे. सबब कानावर पडते म्हणून आपण तिच्या मागे लागतो. न तपासलेलं यश गप्प असतं, आणि पुढच्या सगळ्या सबबी तिथेच रुजतात.

१. 'मी काढले' आणि 'गणित राहिलं'

निकालाबद्दल मुलं कशी बोलतात ते नुसतं कान देऊन ऐकावं. चांगले मार्क पडले की वाक्याचा कर्ता 'मी' असतो. मी पंच्याण्णव काढले, मी पैकीच्या पैकी आणले, मी पहिली आले. मार्क कमी पडले की कर्ता बदलतो. गणित राहिलं. विषय उडाला. मार्क कापले. पेपर कडक काढला. 'गणित राहिलं' या वाक्यात मुलगा कुठेच नाही. राहिलं ते गणित. ही भाषा मुलांनी घडवलेली नाही, ती त्यांना घरातून मिळते. 'आमच्या पोरीने नव्वद काढले' आणि 'यंदा तपासणीच कडक होती' ही दोन्ही वाक्यं एकाच घरात दोन भावंडांबद्दल बोलली जातात आणि बोलणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही.

घडलेल्या गोष्टीचं कारण माणूस स्वतःत शोधतो की बाहेर, हा प्रश्न फ्रिट्झ हायडर या मानसशास्त्रज्ञाने १९५८ सालच्या आपल्या पुस्तकात नीट मांडला. त्यानंतर यशाचं कारण आत आणि अपयशाचं बाहेर लावण्याच्या या ओढीवर पुष्कळ काम झालं. २००४ साली अशा २६६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा ही ओढ जवळजवळ सगळीकडे आढळली आणि लहान मुलांत ती विशेष ठळक निघाली. या लेखापुरतं मी तिला 'सोयीचा कल' म्हणते.

२. ही लबाडी आहे का?

बहुतेक मोठी माणसं या प्रश्नाला मनातल्या मनात 'हो' म्हणतात आणि तिथेच फसतात. डेल मिलर आणि मायकेल रॉस यांनी १९७५ साली एक शंका काढली. माणूस जे करायला जातं ते यशस्वी होईल अशा अपेक्षेनेच करतं. अपेक्षेप्रमाणे घडलं की 'मी केलं म्हणून झालं' हा निष्कर्ष सरळ वाटतो. अपेक्षेबाहेर घडलं की 'मध्ये काहीतरी आडवं आलं' असं वाटणंही तितकंच सरळ आहे. त्यात अहंकार असेलच असं नाही. अभ्यासाला दोन तास बसलेल्या मुलाला आपले दोन तास आठवतात. पेपर बिघडला की त्या दोन तासांपेक्षा वेगळं काय घडलं तेच तो शोधणार, आणि वेगळं घडलेलं असतं ते बाहेर : प्रश्न, वेळ, पर्यवेक्षक.

चार वर्षांनी याच रॉसने फिओर सिकोली यांच्याबरोबर नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून घरातल्या कामांतला आपापला वाटा विचारला. दोघांच्या वाट्यांची बेरीज बहुतेक कामांत पूर्णाच्या वर गेली. गंमत इतकीच असती तर अहंकार म्हणून सोडून देता आलं असतं. पण भांडण उकरून काढण्यासारख्या वाईट गोष्टींतही लोकांनी स्वतःचा वाटा जास्तच सांगितला. माणसाला स्वतःचे कष्ट आतून दिसतात आणि दुसऱ्याचे बाहेरून, तेही तो समोर असेल तेवढेच.

शाळेतल्या प्रकल्पात हे रोज घडतं. चार जणांचा गट असतो. एकाने माहिती जमवलेली, दुसरीने चार्ट रंगवलेला, तिसऱ्याच्या घरी सगळे बसलेले, चौथ्याने वर्गात बोलून दाखवलेलं. चौघांना वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर आपला वाटा टक्क्यांत लिहायला सांगा. मी सांगत आले आहे, आणि बेरीज शंभरावर थांबत नाही. चिठ्ठ्या फळ्यावर मांडल्या की मुलं आधी भांडतात, मग एकमेकांना विचारतात, "तू कधी केलंस ते?" सोयीचा कल खऱ्या अर्थाने सैल होताना मी पाहिलाय तो या प्रश्नाच्या वेळी. कुणी त्यांना लबाड म्हटलं असतं तर तो प्रश्न निघालाच नसता.

३. एका राज्याने घडी घातलेला पेपर

आता वर्गाबाहेर येऊ. २०१८ साली महाराष्ट्रात दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. १२५ मुलांना शंभर टक्के गुण होते. त्या जूनमध्ये कुणीही विचारलं नाही की हे ८९.४१ कसे आले. मुलं हुशार झाली, शाळांनी मेहनत घेतली, पालक जागरूक झाले, एवढ्यावर सगळे समाधानी होते.

पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रं या विषयांतले शाळेच्या हातात असलेले तोंडी परीक्षेचे २० गुण काढून टाकले गेले. अभ्यासक्रमही नवा होता. २०१९चा निकाल लागला ७७.१० टक्के. एका वर्षात बारा टक्क्यांहून मोठी घसरण झाली आणि शंभर टक्केवाले १२५ वरून २० वर आले. त्या दिवशी राज्यभर एकच कारण ऐकू आलं : मंडळाने वीस मार्क काढले.

हे कारण खरं होतं, म्हणूनच ते महत्त्वाचं आहे. ते खरं असेल तर त्याची दुसरी बाजूही खरी ठरते. वीस मार्क काढल्याने निकाल पडला असेल, तर आदल्या वर्षीच्या निकालातही त्या वीस मार्कांचा तेवढाच हात होता. ज्या मुलाला तोंडीत १८ मिळत होते त्याला पासापुरते ३५ गाठायला लेखी ८० पैकी १७ पुरत. मराठीत लिहिता न येणारी, इतिहासाचा एक परिच्छेद स्वतःच्या शब्दांत मांडता न येणारी मुलं २०१८ मध्येही होती. ती फक्त दिसत नव्हती. कारण तेच, पण २०१९ मध्ये ते आपण ओरडून सांगितलं आणि २०१८ मध्ये तोंडातून काढलं नाही. सोयीचा कल राज्याच्या पातळीवर कसा दिसतो त्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

पालकांची एक तक्रार रास्त होती, तीही नोंदवते. अकरावीच्या प्रवेशात आपली मुलं इतर मंडळांच्या मुलांशी एकाच यादीत उभी राहतात. तिकडे शाळेच्या हातचे गुण चालू आणि इकडे बंद, हा अन्यायच होता. पण त्यावर उपाय म्हणून झालं काय? लेखनाचं, वाचनाचं काय करायचं ही चर्चा सुरू व्हायच्या आत २०१९-२० पासून वीस गुण परत आले. २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरीने गुण दिले गेले होते, तेही खरं. शंभर टक्केवाले २४२ झाले. राज्याने पेपरची घडी घातली आणि दप्तरात टाकला.

४. न कळलेल्या यशाची भीती

यश न तपासल्याने बिघडतं काय, मार्क तर मिळाले ना, असं कुणी विचारेल. बिघडतं ते असं.

दहावीच्या भूमितीत पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता आहे. काटकोन त्रिकोण एबीसी, काटकोनातून कर्णावर लंब, मग समरूप त्रिकोणांच्या बाजूंची गुणोत्तरं. एका सराव परीक्षेत मी त्रिकोणाला एबीसीऐवजी पीक्यूआर नाव दिलं आणि आकृती थोडी फिरवली. आदल्या चाचणीत याच सिद्धतेला पूर्ण मार्क घेतलेल्या एका मुलीने पीक्यूआर काढून अर्ध्या सिद्धतेपर्यंत आणला आणि पुढच्या ओळीला तिथे एबीसी उगवला. शेवटच्या ओळीत दोन्ही त्रिकोणांची अक्षरं एकमेकांत मिसळली होती. तिने खोडरबरने तो कागद इतका घासला होता की त्या जागी भोक पडलं होतं. पेपर दाखवला तेव्हा ती म्हणाली, "बाई, तुम्ही आकृती बदललीत." बरोबरच होतं तिचं. मी आकृती बदलली होती. पण खरं कारण आदल्या चाचणीच्या पूर्ण मार्कांत लपलेलं होतं, आणि तेव्हा मी तिला 'व्हेरी गुड' लिहून दिलं होतं. हे मार्क कशाचे, समजल्याचे की पाठ केल्याचे, हे मी तिला विचारलं नव्हतं. ती चूक माझी.

आपलं यश कशामुळे आलं हे ज्याला माहीत नसतं त्याला ते पुन्हा आणता येईल याची खात्री नसते. स्टीव्हन बर्गलस आणि एडवर्ड जोन्स यांचा १९७८ सालचा प्रयोग हेच दाखवतो. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना प्रश्न दिले. काहींचे प्रश्न सुटण्यासारखे होते, काहींच्या प्रश्नांना मुळात उत्तरच नव्हतं. दोन्ही गटांना सांगितलं, तुम्ही फार छान सोडवलंत. मग पुढच्या परीक्षेआधी दोन औषधांतून एक निवडायला दिलं. एक बुद्धी तल्लख करतं आणि दुसरं मंद करतं, असं त्यांना सांगण्यात आलं. ज्यांना आपलं यश कशामुळे आलं हे कळलंच नव्हतं, ते मंद करणाऱ्या औषधाकडे जास्त वळले, मुलगे विशेषतः. परीक्षा बिघडली तर दोष औषधावर जाईल, अशी त्यांनी आधीच तजवीज केली.

आपल्याकडे औषध लागत नाही. परीक्षेच्या हॉलबाहेर उभं राहावं. "अगं, माझं काहीच वाचून झालं नाही." "मी तर रात्री पुस्तक उघडलंच नाही." हे सांगणाऱ्यांत वर्गातली पहिली पाच मुलं हटकून असतात. आपण त्यांना ढोंगी ठरवतो. मला त्यांच्यात भीती दिसते. मागच्या वेळचे ब्याण्णव आतून कशाने भरलेले होते हे त्यांना ठाऊक नसतं आणि कधीतरी ते उघड होईल असं वाटत असतं. म्हणून सबब पेपर लिहिण्याआधीच तयार ठेवली जाते.

५. 'चूक कबूल कर' एवढ्याने का भागत नाही

सोयीच्या कलावर शाळेत आणि घरात एकच उपाय चालतो : मुलाकडून कबुली घेणं. दुसऱ्याला दोष देऊ नकोस, तुझंच चुकलं म्हण. मूल मान खाली घालतं, म्हणतं, "हो, माझंच चुकलं." मोठ्यांचं समाधान होतं. मूल मात्र होतं तिथेच राहतं.

बर्नार्ड वायनर यांनी १९७०च्या दशकापासून केलेली मांडणी इथे फार उपयोगी पडते. परीक्षेतल्या यशापयशाला माणूस ढोबळमानाने चार कारणं लावतो : कुवत, कष्ट, पेपरची काठिण्यपातळी आणि नशीब. पहिली दोन आतली, पुढची दोन बाहेरची. आपण एवढीच विभागणी बघतो आणि आतलं कारण म्हणजे प्रामाणिक, बाहेरचं म्हणजे सबब, असं ठरवून मोकळे होतो. वायनर आणखी दोन गोष्टी विचारतात. हे कारण टिकून राहणारं आहे की बदलणारं? आणि ते माझ्या ताब्यात आहे का?

या दोन प्रश्नांनी सगळं चित्र फिरतं. 'मी ढ आहे' ही कबुलीच आहे, पूर्ण आतली. पण ढपणा आज आहे तो उद्याही असणार, आणि त्यावर माझा ताबा नाही. म्हणजे 'पेपर कडक होता' या सबबीइतकीच ही कबुलीही मुलाला काही करू देत नाही. उलट सबब पुढच्या पेपरापर्यंत टिकते, 'मी ढ आहे' कधीकधी आयुष्यभर टिकतं. ज्या मुलीने आठवीत गणितापुढे हात टेकले ती पुढे स्वतःच्या मुलीच्या वहीकडे बघून म्हणते, "मला नाही बाई गणित यायचं कधी." पालकसभेत हे वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलं आहे की आता त्याचा धसका घेतला आहे.

मग कष्टांचं काय? 'अभ्यास कमी पडला' हे कारण आतलं आहे, बदलणारं आहे आणि ताब्यातलं आहे. कॅरल ड्वेक यांच्या १९७५ सालच्या प्रयोगात अपयशाने हातपाय गाळणारी बारा मुलं होती. सहा मुलांना फक्त सोपी, हमखास सुटणारी गणितं दिली. उरलेल्या सहांना मधूनमधून अपयश येऊ दिलं आणि प्रत्येक वेळी सांगितलं की प्रयत्न कमी पडला. नंतर दोन्ही गटांसमोर अवघड गणितं आली तेव्हा निव्वळ यशावर वाढलेली मुलं पूर्वीसारखीच कोसळली आणि दुसऱ्या गटातली टिकून राहिली. 'आत्मविश्वास वाढावा म्हणून सोपे पेपर काढा' म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर लक्षात ठेवावा.

पण इथेही थांबायचं नाही. मार्टिन कव्हिंग्टन आणि कॅरल ओमेलिच यांनी १९७९ साली कष्टांना दुधारी तलवार म्हटलं. जीव तोडून अभ्यास करून नापास होण्यात सर्वांत जास्त शरम असते, कारण मग कुवतीशिवाय दुसरं कारण उरत नाही. अभ्यास न करून नापास झालं तर कुवत झाकलेली राहते, पण शिक्षक चिडतात. या कात्रीत सापडलेलं मूल सबब काढतं. सबबीमुळे शिक्षकही शांत राहतात आणि कुवतही झाकली जाते. खरोखर रात्री जागलेल्या मुलाला आपण 'अजून अभ्यास कर' म्हणतो तेव्हा त्याला 'मी ढ आहे' या एकाच दाराकडे ढकलत असतो. त्याला हवं असतं ते तिसरं काहीतरी : अभ्यास कसा केलास? उदाहरण आधी झाकून सोडवलंस की बघून उतरवलंस? चूक झाली ती नेमकी कितव्या ओळीत?

६. मोठ्यांचे फलक

जूनमध्ये दहिसर स्टेशनबाहेर उभं राहा. क्लासवाल्यांचे फलक लागलेले असतात, फोटो आणि टक्के. एखादं मूल दोन वेगवेगळ्या क्लासच्या फलकांवर दिसतं, कारण त्याने दोन्हीकडे फी भरलेली असते. शाळेच्या फाटकावर तेच मूल शाळेचं असतं, वॉर्डातल्या गुणवंतांच्या सत्कारात ते वॉर्डाचं असतं. एका मुलाच्या यशाचे इतके धनी. त्याच क्लासमधल्या, त्याच बाकावरच्या, गणितात अठ्ठावीस पडलेल्या मुलाचा फलक कुठे नसतो. तो फक्त त्याचा आणि त्याच्या आईचा असतो. मुलं हे रोज बघत शाळेत येतात. सोयीचा कल त्यांना वेगळा शिकवावा लागत नाही.

आम्ही शिक्षकही यातून सुटलेलो नाही. १९६४ सालच्या एका अभ्यासात शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना दोन मुलांना गणित शिकवायला दिलं. कच्चं मूल सुधारलं तेव्हा श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतलं. ते कच्चंच राहिलं तेव्हा दोष मुलाला दिला. पण १९७४ साली ली रॉस आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात अनुभवी शिक्षकांनी अपयशाची जबाबदारी स्वतःवर जास्त घेतली आणि यशाचं श्रेय मुलांना दिलं. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की एवढं तरी दिसतं की हा कल अटळ नाही.

आपल्याकडे याचं ठळक उदाहरण दहिसरहून उत्तरेला, याच रेल्वेमार्गावर आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा मुलं बालवाडीकडे फिरकत नव्हती. 'या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही' हे कारण तयार होतं, सोयीचं होतं, आणि सगळे तेच देत होते. या दोघींनी ते नाकारलं. बालवाडी पाड्यावर, घरासमोरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात भरवली. त्यांना अंगण वाकडं दिसलं तेव्हा नाचणाऱ्याला बोल लावण्याऐवजी त्यांनी ते सारवून घेतलं. अंगणवाडी हा शब्द आज देशभर सरकारी कागदांवर आहे.

७. काही आक्षेप

पहिला आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. परिस्थिती खरोखरच वाईट असलेल्या मुलाने बाहेरचं कारण सांगितलं तर त्याला कल म्हणायचं का? मुळीच नाही. दहिसर पश्चिमेला खाडीकाठच्या गणपत पाटील नगरातून एका खोलीत सहा माणसांबरोबर राहून येणारं मूल 'घरी बसायला जागा नाही' म्हणतं ते सत्य सांगतं. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्‌महिने लांबले आणि अखेर कुलगुरूंना पद गमवावं लागलं. त्या वर्षी 'तपासणीत घोळ झाला' म्हणणारा विद्यार्थी सबब सांगत नव्हता. बाहेरचं कारण खरं असेल तर ते मोठ्याने सांगावं आणि ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या दारात न्यावं. तिथे कबुली मागणारा शिक्षक अन्याय करतो.

पण हाच आक्षेप उलटा करून पाहा. परिस्थितीमुळे एकाचे मार्क कमी होत असतील तर परिस्थितीमुळेच दुसऱ्याचे वाढतही असणार. स्वतःची खोली, दोन क्लास, इंग्रजी वाचून दाखवणारी आई, हे सगळं ब्याण्णवमध्ये धरलेलं असतं. खाडीकाठच्या मुलाला परिस्थिती रोज दिसते, कारण ती त्याला अडवते. ब्याण्णववाल्याला ती दिसत नाही, कारण ती त्याला उचलून धरते. तो सगळे मार्क आपल्या हुशारीच्या खात्यात जमा करतो. मोठेपणी हाच मुलगा मनापासून विचारतो, "मी केलं ते बाकीच्यांना का जमत नाही?" न तपासलेल्या यशाने समाजाचं होणारं मोठं नुकसान मला इथे दिसतं.

दुसरा आक्षेप असा की हे पाश्चात्त्यांचं दुखणं आहे, आपली मुलं नम्र असतात, श्रेय देवाला आणि गुरुजनांना देतात. वर सांगितलेल्या २००४च्या आढाव्यात आशियाई लोकांत हा कल सरासरीने कमी निघाला हे खरं आहे, देशादेशांत फरकही मोठा होता. पण सत्काराच्या व्यासपीठावरचं आपलं ठरलेलं उत्तर ऐका : आईवडिलांचे आशीर्वाद आणि शिक्षकांचं मार्गदर्शन. हे संस्काराचं बोलणं आहे, त्याबद्दल मला आदर आहे. पण त्यातही यश कसं आलं हे कळत नाही. नम्र मूलही पेपरची घडीच घालतं.

तिसरा आक्षेप काळजीपोटी येतो. सबब काढून घेतली तर मूल मोडेल. यात तथ्य आहे. त्याच आढाव्यात नैराश्याने ग्रासलेल्यांमध्ये हा कल कमी आढळला होता, म्हणजे थोडी सोय मनाला लागते. म्हणून मी निकालाच्या दिवशी कुणाची सबब खोडत नाही. त्या दिवशी मुलाला वाटेल ते बोलू द्यावं. कारणांची चर्चा दोन दिवसांनी करावी, आणि ती बरोबर आलेल्या उत्तरांपासून सुरू करावी. यश तपासताना कुणी मोडत नाही.

८. एक तासिका

वर्गात साठ मुलं असतात, वेळ कुठून आणायचा, असं माझे सहकारी विचारतात. प्रत्येक चाचणीमागे एक तासिका पुरते. मी पेपर परत वाटते आणि प्रत्येक उत्तरापुढे, बरोबर असो वा चूक, पेन्सिलीने एक अक्षर लिहायला लावते. स म्हणजे समजून, प म्हणजे पाठ होतं म्हणून, अं म्हणजे अंदाजाने. चुकलेल्यांपुढे वा म्हणजे वाचलंच नव्हतं, न म्हणजे समजलं नव्हतं, घ म्हणजे घाईत. मार्क बदलत नाहीत, अक्षरं मी कुठे नोंदवत नाही, घरी कळवत नाही. ही अट पाळली नाही तर सगळी अक्षरं स होतात.

पहिल्या वेळी मुलं भराभर लिहून मोकळी होतात. दोन-तीन चाचण्यांनंतर हात थबकतो. अडतीसवाल्याच्या पेपरावर पाच ठिकाणी प दिसतो, आणि अठ्ठावीस पडलेल्या एखाद्या मुलीच्या पेपरावर जेवढी उत्तरं बरोबर आहेत तेवढ्या सगळ्यांपुढे स. तिला पहिल्यांदा कळतं की आपल्याला जे येतं ते खरोखर येतं. पीक्यूआरवर अडलेली ती मुलगी पुढच्या चाचणीत सिद्धतेपुढे आधी स लिहून मग तो खोडून प करून गेली, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वही घेऊन आली.

सहामाहीचे पेपर दिवाळीच्या सुट्टीनंतर घरोघर पोचतील. पालकांना माझी एवढीच विनंती आहे. त्या दिवशी कापलेले मार्क मोजू नका. पूर्ण मार्क मिळालेलं एक उत्तर शोधा, मुलाला शेजारी बसवा आणि विचारा, "हे तुला कसं आलं?" मग त्याचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.